ओठ पुढं, आवाज मागं

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहिली पाहिजे.

काल सासुरवाडीला गेलो होतो, वळसंगच्या अलीकडं वस्तीवर. कारण गंभीर. सासऱ्यांच्या, म्हणजे बिरप्पा अण्णांच्या घशात गाठ निघालीय. येत्या गुरुवारी सोलापुरात ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल पण स्वरयंत्र काढावं लागेल. आवाज कायमचा जाणार. अण्णा चाळीस वर्षं बिरोबाच्या जत्रेत ओवी म्हणतात. त्यातली एक बावीस मिनिटांची आहे. ती शेवटपर्यंत त्यांच्याशिवाय कुणालाच येत नाही.

सासूबाई ज्वारी निवडत होत्या. निवडून झालेलीच परत सुपात घेत होत्या.

अशा वेळी कुणीतरी पुढाकार घ्यायचा असतो. मी घेतला. म्हणालो, अण्णांची ओवी मी शूट करतो. चित्र वेगळं घ्यायचं, आवाज वेगळा घ्यायचा आणि नंतर कॉम्प्युटरवर जोडायचं, सिनेमावाले करतात तसं. २३ मार्चला जत्रेत पडद्यावर अण्णाच ओवी म्हणतील.

मेव्हणा बाळासो म्हणाला, दाजी, तुमाला येतंय का ह्ये? मी नुसता हसलो. आमच्या ऑफिसात प्रिंटर अडकला की सगळे मलाच हाक मारतात. बाळासोला हे माहीत नसावं.

अण्णांनी माझ्याकडं बघून मान हलवली. म्हणाले, करा.

४ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी १.

शूटिंग झालं. उत्कृष्ट.

स्टुलावर पाट, पाटावर डबा, डब्याला टेकवून माझा मोबाइल. आवाजासाठी ऑफिसच्या मीटिंगचा रेकॉर्डर आणला होता. तो अण्णांच्या फेट्यात खोचला. मोबाइलचा स्वतःचा आवाज मी सेटिंगमध्ये जाऊन बंद केला. एका कामाला दोन माइक कशाला? गोंधळ होतो.

सुरुवातीला एकदा जोरात टाळी वाजवून घ्यावी, असं कुठंतरी वाचलं होतं. जोडताना सोपं जातं म्हणे. पण सासुरवाडीच्या अंगणात जावयानं एकट्यानं टाळी वाजवणं बरं दिसत नाही. नाही वाजवली.

अण्णांच्या शेजारी प्रभु बसला होता. तीस वर्षं तोच त्यांच्या ओवीला ढोल वाजवतो. अण्णांनी डोळे मिटले आणि सुरू केलं. पंधराव्या मिनिटाला ठसका लागला. मी ‘कट’ म्हणालो. त्यांना कट म्हणजे काय ते माहीत नाही. दोन घोट पाणी प्यायले आणि पुढं म्हणत राहिले.

संपल्यावर ते बराच वेळ ढोलावर हात ठेवून बसले. मी म्हणालो, सेफ्टीसाठी अजून एक टेक घेऊ. प्रियंकानं माझ्याकडं बघितलं. बायकोला प्रोसेस समजावून सांगणं अवघड असतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ११. हॉस्पिटल.

अण्णांना आत नेलं. नेण्याआधी त्यांनी सगळ्यांना नावानं हाक मारली, एकेकाला. मला ‘जावईबापू’ म्हणाले.

मी सगळ्यांना धीर दिला. म्हणालो, काळजी नको, आवाज माझ्याकडं सेफ आहे. बाहेर बाकावर बसून मोबाइलमधला व्हिडिओ बघितला. अजिबात आवाज नाही. मग आठवलं की मीच बंद केला होता. सगळं प्लॅनप्रमाणे चाललंय.

८ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ३.

अण्णा बरे आहेत. गळ्याला भोक, त्यातून श्वास. मी कामाला लागलो.

व्हिडिओ फाइल आणि ऑडिओ फाइल सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या, जोडल्या, प्ले केलं. अण्णांचे ओठ हलतात आणि आवाज सात सेकंदांनी येतो. ओठ मिटले तरी ओवी चालूच. सॉफ्टवेअरचा दोष दिसतो. फुकटचं आहे.

शिकवणारा एक व्हिडिओ बघितला. तो माणूस म्हणतो, कॅमेऱ्याच्या आवाजाची रेघ आणि रेकॉर्डरच्या आवाजाची रेघ एकाखाली एक ठेवा, जुळतं. कॅमेऱ्याचा आवाज नसेल तर काय, ते सांगत नाही. अर्धवट ज्ञानाचे लोक शिकवायला बसतात.

संकल्प : उद्या पूर्ण करणे.

९ फेब्रुवारी, रविवार.

नाही झालं. लाइट गेली होती. (वीस मिनिटं.)

११ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी ७.

अंदाजानं आवाज मागं-पुढं सरकवत होतो. प्रियंका कणकेच्या हातानं बाहेर आली, मागं उभी राहिली. म्हणाली, अहो, प्रभुकाकाची काठी ढोलावर पडलेली दिसते ना? मग ढोलाची पहिली टाप तिथं आणून ठेवा. मी म्हणालो, टेक्निकल गोष्टी इतक्या सोप्या नसतात. ती आत गेली.

नंतर मला एक कल्पना सुचली. पहिली टाप आणि काठी जुळवली. चपखल बसलं. ओठ आणि आवाज एकत्र. या पद्धतीला मी ‘ढोल-सिंक’ असं नाव दिलंय.

जेवताना प्रियंकानं विचारलं, जुळलं का. म्हणालो, हो, एक शोध लागला. ती म्हणाली, बरं.

१२ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ७.

पहिली चार मिनिटं अप्रतिम. दहाव्या मिनिटाला आवाज किंचित मागं. शेवटाला पूर्ण दोन सेकंद मागं. सुरुवात जुळलेली असताना शेवट कसा सुटतो?

बराच विचार केला. निष्कर्ष असा की अण्णांची लय सुटते. वयाचा परिणाम. प्रभुचीही सुटते, कारण काठी खाली येताच ढोल वाजायला पाहिजे तो नंतर वाजतो. चित्रातले अण्णा आणि आवाजातले अण्णा एकच, हे मान्य. तरी सुटते.

कुणाला सांगणार नाही. म्हातारपणी माणसाला वाईट वाटतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी २.

ऑफिसातून बाळासोला फोन केला. म्हणालो, शेवटच्या भागात अण्णांची लय जरा गेलीय, तेवढाच तुकडा परत घेऊ. रविवारी येतो.

थोडा वेळ फोनवर नुसता शेळ्यांचा आवाज. मग म्हणाला, दाजी, अण्णाचा आवाज काढून आज आठवा दिस हाय की वो.

मी म्हणालो, मी ढोलाबद्दल बोलत होतो.

म्हणाला, व्हय व्हय. आणि फोन ठेवला.

१७ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ६.

खरं कारण सापडलं. मोबाइल आणि रेकॉर्डर, दोघांची घड्याळं वेगवेगळ्या चालीनं चालतात. मोबाइल मधूनच चित्रं खातो म्हणे. अण्णांना मी माफ केलं.

उपाय : आवाजाचा वेग किंचित वाढवायचा. मी दीडपट टाकला. अण्णांचा आवाज मांजराच्या पिल्लासारखा आला. मोठ्यानं लागला होता, कारण स्पीकर जोडलेला. प्रियंका न्हाणीतून ओल्या केसांनी आली आणि लॅपटॉपचं झाकण मिटलं. परत आत गेली आणि नळ बराच वेळ चालू होता.

पाणी फार वाया जातं आपल्याकडं.

१९ फेब्रुवारी, बुधवार.

आज सुट्टी. वेग फक्त एक टक्का वाढवला. आता शेवटाला आवाज अकरा सेकंद पुढं जातो. आधी मागं होता. प्रगती आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ८.

प्रियंका म्हणाली, कुंभारीचा शिवपुत्र लग्नांचे व्हिडिओ करतो, त्याला दाखवा. त्याचं रोजचंच काम आहे. तिनं स्वतःच त्याला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. शिवपुत्र म्हणाला, साहेब, दोन्ही ओरिजनल फाइली पेनड्राइव्हवर आणून द्या, अर्ध्या तासात बसवून देतो. ठिकठिकाणी बारीक कापून जुळवावं लागतं, बाकी काय नाही.

अर्धा तास. मी सोळा दिवस घालवले ते काय मूर्ख म्हणून? लग्नात गुलाबाच्या पाकळ्या उडवणाऱ्या माणसाला ओवी काय कळणार? त्यानं अण्णांच्या डोक्याभोवती बदाम फिरवले तर जबाबदार कोण?

पेनड्राइव्ह खिशात टाकून स्कूटरवर निघालो. सात रस्ता चौकात चहा प्यायलो आणि परत आलो. प्रियंकानं विचारलं, दिला का. म्हणालो, दिला.

हे खोटं नाही. उद्या देऊ शकतो. म्हणजे फक्त लवकर सांगितलं, इतकंच.

२ मार्च, रविवार. दुपारी ४.

फिल्म पूर्ण. वेग मूळचाच ठेवला. शेवटाला दोन सेकंदांचा फरक आहे, पण तोवर लोक भावुक झालेले असतील. डोळ्यांत पाणी असताना दोन सेकंद दिसत नाहीत.

फाइल तयार करताना लॅपटॉप म्हणाला, जागा संपत आलीय. मोबाइलही तेच म्हणत होता. मग शेवटची फिल्म सेव्ह झाल्यावर ओरिजनल व्हिडिओ आणि ऑडिओ, दोन्ही फाइली काढून टाकल्या. रेकॉर्डरही रिकामा करून ऑफिसच्या बॅगेत टाकला, उद्या मीटिंग आहे. पेनड्राइव्हवर ऑफिसची पत्रं घेतली. मुलं मोठी झाली की बाळंत्यांचं काय काम?

फिल्मच्या कोपऱ्यात सॉफ्टवेअरच्या कंपनीचं नाव येतं, अण्णांच्या बरोबर हनुवटीवर. बारीक आहे.

९ मार्च, रविवार. वस्तीवरून.

अण्णांना बघायला आलो. गळ्यावर पांढरा पंचा गुंडाळलेला असतो. खूप खंगलेत. हॉस्पिटलात बोलण्यासाठी पाटी दिली होती, पण अण्णांना लिहिता येत नाही. शेळी दुसऱ्याच्या शेतात शिरली तर ते आता काठीनं दगडावर ठोकतात आणि बाळासो पळतो.

अण्णांना फिल्मची सुरुवात दाखवली. फक्त चार मिनिटं. पुढचं जत्रेसाठी राखून ठेवलं. त्यांनी मोबाइल कानाला लावला, मग लांब धरून बघितला, मग परत कानाला. चार मिनिटं झाल्यावर माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, घरात आवाज न्हाय तर भाकर गिळंना झालीया. तुमी लई पुण्याचं काम केलासा.

प्रियंका दाराशी उभी होती. ती मला म्हणाली, शिवपुत्रनं छान जुळवलंय.

मी म्हणालो, बरंचसं माझं आहे.

१६ मार्च, रविवार. सकाळी १०.

आज नावांच्या पाट्या केल्या. संकल्पना : सयाजी बंडगर. छायाचित्रण : सयाजी बंडगर. ध्वनी : सयाजी बंडगर. संकलन : सयाजी बंडगर. ध्वनी-चित्र जुळवणी, ढोल-सिंक पद्धत : सयाजी बंडगर. विशेष आभार : बिरप्पा अण्णा.

एकूण दीड मिनिट. मागं बासरी.

२२ मार्च, शनिवार. सकाळी ८.

टेस्ट घेतली. पहिली चार मिनिटं एकदम ओके. पुढचं बघितलं नाही. सारखं बघून आपल्यालाच उगीच चुका दिसायला लागतात.

इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. लोक दोन शब्द बोला म्हणतील. तीन ओळी पाठ केल्यात.

२३ मार्च, रविवार. संध्याकाळी ७.

जत्रा झाली. फिल्म सुपरहिट. क्रमानं लिहितो.

दुपारी चार वाजता समाजमंदिरात कार्यक्रम. खिडक्यांवर घोंगड्या लावून अंधार केला होता. अडीच-तीनशे माणूस. अण्णा पहिल्या रांगेत, शेजारी प्रभु ढोल मांडीवर घेऊन, का ते माहीत नाही, सवय असेल. प्रोजेक्टर बाळासोनं ठरवला होता. प्रोजेक्टरवाला बघतो तर कुंभारीचा शिवपुत्र. त्यानं सगळ्यांसमोर प्रियंकाला विचारलं, ताई, साहेबांनी फाइली आणून दिल्याच न्हाईत की, दुसरीकडं केलं का काम? प्रियंका म्हणाली, बरं. तिच्या ‘बरं’ला मी घाबरतो, ही गोष्ट या वहीतच राहू दे.

प्लग कोपऱ्यात होता आणि लॅपटॉपची वायर तोकडी. त्यामुळं मला भिंतीकडं तोंड करून बसावं लागलं. पडदा माझ्या पाठीमागं. पण मला पडदा बघायची गरज नव्हती, लॅपटॉपवर तेच दिसत होतं.

पाट्या संपल्या. अण्णांचा आवाज घुमला आणि हॉलमध्ये कुणीतरी ‘आलाऽ’ म्हणालं. चार मिनिटं टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. सात-आठ मिनिटांनी पोरं हसायला लागली. काठी वर गेल्यावर ढोल वाजतोय, असं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. मग मोठी माणसंही हसायला लागली. एक बाई म्हणाली, अगं बया, तोंड मिटून गात्यात. आपल्याकडं कला बघायची सवय नाही.

बाळासो कानाशी येऊन म्हणाला, दाजी, बंद करा ह्ये, अण्णा खाली मान घालून बसल्यात.

बंद कसं करणार? मी जुळवायला घेतलं. आवाज पुढं ढकलायचं एक बटण असतं, ते दाबलं. मग मागं ढकलायचं. अकराव्या मिनिटाला चित्र अडकलं. अण्णा तोंड अर्धं उघडं ठेवून पडद्यावर थांबले. आवाज मात्र चालू. मी थांबलो नाही, बटणं दाबत राहिलो.

आणि हळूहळू हसणं बंद झालं. पूर्ण बंद. म्हणजे काहीतरी लागू पडलं होतं. ढोलही एकदम खणखणीत ऐकू यायला लागला, अगदी खोलीत वाजल्यासारखा. साऊंडच्या सेटिंगचा परिणाम. माझ्या लॅपटॉपवर चित्र अडकलेलंच होतं, पण पडद्यावर चालू झालं असणार, नाहीतर लोक इतके गप्प बसले नसते. बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. मी छेडछाड केली नाही, एका बटणावर बोट ठेवून तसाच बसलो.

ओवी संपली. टाळ्या. बिरोबाच्या नावानं चांगभलं. मी उठलो, वळलो, हात जोडले. अण्णा पडद्यासमोर उभे होते, घामानं भिजलेले. फिल्मचा परिणाम. लोक त्यांच्या पाया पडत होते. दोन शब्द बोला असं मला कुणी म्हणालं नाही, गर्दी फार होती.

प्रियंका आज माहेरीच राहिली. मी एकटाच परत आलो. दमलोय, पण समाधान आहे. एवढी वर्षं ऑफिसात कुजवली.

२४ मार्च, सोमवार. सकाळी ६.३०.

उठलो तर घरच्या ग्रुपवर एक्याऐंशी मेसेज. वाटलं, अभिनंदनाचे. सगळे एकाच व्हिडिओखाली होते. फिल्म नव्हती ती. प्रियंकानं हॉलच्या मागच्या बाजूनं स्वतःच्या मोबाइलवर घेतलंय. चित्र अडकलं तिथून पुढं.

पडद्यावर अण्णा अडकलेले. खाली अण्णा उठतात. प्रभुच्या खांद्याचा आधार घेऊन पडद्यासमोर उभे राहतात, गळ्यावरचा पंचा नीट करतात, डोळे मिटतात. आणि स्पीकरमधून येणाऱ्या स्वतःच्या ओवीवर ओठ हलवायला लागतात. एकेक शब्द बरोबर. प्रभु ढोल पुढं ओढतो आणि वाजवायला लागतो. ठसका येतो तिथं अण्णा थांबतात, पाणी प्यायल्याएवढा वेळ जाऊ देतात आणि पुढच्या शब्दाला बिनचूक तोंड उघडतात. सासूबाई तोंडाला पदर लावून बसल्यात. शिवपुत्रनं प्रोजेक्टरचा दिवा हातानं झाकलाय आणि कुणीतरी खिडकीवरची एक घोंगडी काढून अण्णांच्या तोंडावर उजेड येऊ दिलाय.

खाली बाळासोनं लिहिलंय, दाजी, पिक्चर नको, नुसता अण्णाचा आवाज असंल तर ती फाइल पाठवा. मी अजून उत्तर दिलेलं नाही. नुसत्या आवाजाची फाइल माझ्याकडं नाही. फिल्ममधून काढता येत असेल. कसा काढायचा, ते शिवपुत्रला विचारावं लागेल.

प्रियंकाचा मेसेज नाही. फोन लावला, उचलला नाही.

व्हिडिओ तीनदा बघितला. सगळा हॉल अण्णांकडं बघतोय. डावीकडं कोपऱ्यात इस्त्रीच्या शर्टाची एक पाठ दिसते, भिंतीकडं तोंड करून बटणं दाबणारी. व्हिडिओ अकरा मिनिटांचा आहे. मी एकदाही मागं वळून बघत नाही.